परतीचा रकाना

रविवार, ता. ८ सप्टेंबर

ती. वहिनींना,

तुमच्या पायांना लांबूनच हात लावते आणि लिहायला बसते. आम्ही दोघं बरी आहोत. ह्यांचा खोकला गेला. माझी टाच सकाळी उठल्यावर ठणकते, कामाला लागलं की विसरते. तुमच्या गुडघ्यांचं तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत, म्हणजे दुखत असणार.

पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, तीन आठवडे झाले. रागावू नका. फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मला ओरडून बोलायचं म्हणजे मनातलं काही बोलताच येत नाही. तेव्हा पत्रच बरं.

कागद बघून हसाल. दलाल प्रत्येक घराचा एक गुळगुळीत कागद देतो. एका बाजूला घराचं रंगीत चित्र, मागची बाजू कोरी करकरीत. टाकवेना. म्हणून पत्र त्यावरच लिहिते आहे. चित्रावर विश्वास मात्र ठेवू नका. त्यातली ती निळी खिडकी आहे ना, तिला काच नाही.

ह्यांचं पाणीखात्याचं क्वार्टर वर्षअखेरीला सोडायचं. मधे ह्यांची एक बदली इथल्या तळ्यावरच्या पंपघरात होती, तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात बसलंय की म्हातारपणी इथेच राहायचं. आता महिनाभर पाववाल्याच्या दुकानावरची एक खोली घेतली आहे आणि रोज घरं बघतो. पहाटे खालून भट्टीची ऊब येते, देवांना बरं वाटत असेल. देव खिडकीच्या फळीवर मांडलेत. समोर तळं. दिवा लावला की वाऱ्याने विझतो, परत लावते.

तळं मोठं आहे. चहूकडे टेकड्या, आणि टेकड्यांवर द्राक्षाच्या वेलींच्या रांगा, वहीवर रेघा माराव्यात तशा सरळ. इथली द्राक्षं खाण्याची नसतात. पुढे काय करतात ते तुम्हाला सांगायला नको.

दलालाचं नाव मी ‘प्रशस्त’ ठेवलंय. प्रत्येक खोलीला प्रशस्त म्हणतो. परवा जिन्याखालचं सरपणाचं कपाट उघडलं, तेही प्रशस्त. सहाव्या घरी म्हणाला, “काकू, इथून तळं दिसतं.”

“कुठून?”

“मोरीच्या खिडकीतून. जरा स्टुलावर चढायचं.”

हे म्हणाले, “म्हणजे आंघोळ उभ्याने करायची आणि देखावा बघायचा.” प्रशस्तने तेवढ्यातही मान डोलावली.

आतापर्यंत आठ घरं झाली. सगळ्यांचं टिपण वहीत आहे. पहिलं ओलसर. दुसऱ्याला पाणी लांबून आणावं लागतं. तिसरं चांगलं होतं, पण सगळ्या निजायच्या खोल्या वर, चौदा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. चौथ्याचे उंबरठे वीतभर उंच. मी वितीनेच मोजते. हे म्हणाले, “उंबरठे काय मोजतेस? आपल्याला काय शर्यतीत उड्या मारायच्यात?” मी वहीत आकडा टिपला. पाचव्या घराच्या न्हाणीला पायरी होती.

दुपारी हे सायकलवर जातात. ह्या वयात गिअरची सायकल घेतली आहे, डोक्याला भोपळ्यासारखी टोपी. तळ्याला पूर्ण फेरी चौतीस किलोमीटरची. सुरुवातीला निम्म्यातून परत यायचे, आता पुरी करतात आणि आल्यावर पाय दाखवतात, जसं काही मी विकत घेणार आहे. मी वहीत लिहिते. गेले ३-३०, आले ५-५०. कुणी सांगितलं नाही, तरी लिहिते. आठ वर्षांची असल्यापासून दादाच्या दुकानात भाड्याच्या सायकलींचं रजिस्टर मी लिहिलं. नंबर, नाव, गेली किती वाजता, आली किती वाजता. नुसती मॅट्रिक झाले तरी लोक हिशेबाला बसवत ते त्या रजिस्टरमुळे. दादा मला मुनीम म्हणायचा. दुसरं कुणी तसं म्हटलेलं मला चालायचं नाही, फक्त दादा आणि तुम्ही.

तुम्ही विचारलंत ते मी विसरलेले नाही. तुम्ही राहता ती दुकानाची इमारत पाडणार, महिन्या-दोन महिन्यांत जागा सोडायची, तुमच्या चिरंजीवांचं घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. “नव्या घरात माझ्यापुरती एक खोली होईल का गं?” असं तुम्ही लिहिलंत. तुम्हाला असं विचारावं लागावं, हेच मला लागलं. पण घर ठरल्याशिवाय कशाला काय बोलायचं. ठरलं की सविस्तर लिहीन.

एक सांगू? पत्रात तुम्ही लिहिलंत, “तुझ्या देवांच्या पायाशी पडून राहीन. त्या दिवशीसुद्धा तू देवळात होतीस, तुझ्यासारखी पुण्याई कुणाची.” असं नका लिहीत जाऊ, वहिनी. मला नाही आवडत.

औषध वेळेवर घ्या. जिना उतरताना पिशवी हातात घेऊ नका.

तुमची,
नणंद

*

गुरुवार, ता. १९ सप्टेंबर

ती. वहिनींना,

नमस्कार पोचवते, ह्यांचाही. अजून घर नाही, म्हणून उत्तर नाही. पण पत्र लिहिल्याशिवाय चैन पडेना.

गेले दहा दिवस माझं चित्त थाऱ्यावर नाही. घरात असले की बाहेर जावंसं वाटतं, बाहेर गेले की काहीतरी उघडं टाकून आल्यासारखं वाटतं. पाववाल्याची बायको म्हणाली, “काकू, तुम्ही जिना दिवसातून किती वेळा चढता-उतरता? माझं पीठ हलतं वरून.” पोथी वाचायला घेते, चौथ्या अध्यायापाशी आले की दोन-चार पानं एकदम उलटून पुढे जाते. पूर्वी असं नव्हतं. म्हणजे होतं, पण कुणाच्या लक्षात यायचं नाही.

अकरा घरं झाली. प्रशस्त आता मला घाबरतो. दारातूनच सांगतो, “काकू, उंबरठा नाही इथे,” आणि मग मी दुसरी खोड काढते. नवव्याचं छप्पर, दहाव्याचा शेजार. अकराव्यात खरं तर काहीच वाईट नव्हतं. मी म्हटलं, भिंतींचा रंग आवडला नाही. हे माझ्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षांत मी कधी रंगाबद्दल बोलले नव्हते.

मंगळवारी हे ३-१० ला गेले. साडेपाच झाले, सहा झाले. मी वही घेऊन खिडकीत. गेले ३-१०, पुढचा रकाना मोकळा. वहिनी, तो मोकळा रकाना मला बघवत नाही. साडेसहाला खाली उतरले, रस्त्याच्या वळणापर्यंत गेले, परत आले. पाववाला म्हणाला, “येतील हो, पंक्चर असेल.” त्याला काय जातंय बोलायला.

सात वाजायला आले तेव्हा हे सायकल ढकलत आले. पंक्चरच होती. वाटेत एका बाईने घरात बोलावून पाण्याची बादली दिली, तिथे बसून ट्यूब काढली तर ट्यूबच फाटलेली. बाईने ताज्या द्राक्षांचा रस दिला. जवळ आले तर तोंडाला आंबूस वास.

माझं डोकं फिरलं. रस्त्यावरच. पाववाल्यासमोर. काय काय बोलले ते लिहीत नाही. हे म्हणत होते, “अगं, रस आहे, नुसता रस, आज सकाळी काढलेला,” आणि मी ऐकतच नव्हते. शेवटी मी म्हणणार होते, “असं यायचं असेल तर नाही आलात तरी...” आणि जीभ तिथेच थांबली.  दारापाशी पायरीवर बसले. ह्यांनी सायकल भिंतीला लावली आणि माझ्या शेजारी बसले.  मग म्हणाले, “त्या बाईचं घर विकायचं आहे.”

दुसऱ्या दिवशी बघायला गेलो, दलालाशिवाय. घर तळ्यापासून दोन मिनिटांवर, उतारावर. बाई पंचाहत्तरीच्या, एकट्या, धिप्पाड, कंबरेला किल्ल्यांचा घोस. मी त्यांना द्राक्षवाल्या बाई म्हणते. घराच्या मागे सहा रांगा वेलींच्या, त्या स्वतः तोडतात, स्वतः पिळतात. गुडघे गेले म्हणून विकतात. म्हणाल्या, “गुडघे गेले ना बाई, की घर आपलं राहत नाही. पायऱ्यांचं होतं.”

वहिनी, खाली एक खोली आहे. अंगणातून सरळ आत, उंबरठा नाही, न्हाणी लगत, पायरी नाही. नऊ बाय अकरा. खिडकी अशी, की पलंगावर पडल्या पडल्या तळं दिसतं. स्टूल नको.

आणि त्या खोलीच्या खाली तळघर. आत पिंपं. फळीवर पाय दिला की फटीतून वास वर येतो. तो वास तुमच्या आणि माझ्या ओळखीचा.

मी म्हटलं, “इथे माझे देव कसे राहतील? खाली हे सगळं.”

द्राक्षवाल्या बाई म्हणाल्या, “राहतील की. पिंपांची काही हरकत नाही.”

हे हसले. मला हसू आलं नाही. मी सांगून टाकलं, हे घर नको. रस्त्याने येताना हे म्हणाले, “ह्या बाराव्यात नेमकं काय वाईट आहे ते मला सांग.” मी म्हटलं, दारू. ते म्हणाले, “ती पिंपं घेऊन जाणार आहे ती. वासही जाईल महिन्याभरात.” मी पुढे चालत राहिले.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी पंचवीस वेळा वाचली असेल. तुम्ही लिहिलंत की दुकानाच्या वह्या अजून रद्दीत दिल्या नाहीत, आवरताना सगळ्यांची पानं मोजलीत, एकीचं एक पान तेवढं नाही, उंदरांनी नेलं असेल. हे तुम्ही सहज लिहिलंत का? तुम्ही सहज लिहिलं असेल. तुमचं अक्षर तरी सहज होतं.

आज एवढंच. कागद संपला. मागच्या चित्रातलं घर अकरावं, तो रंग बघा आणि सांगा, वाईट आहे का.

तुमची,
नणंद

*

मंगळवार, ता. १ ऑक्टोबर

ती. वहिनींना,

आज घराचं चित्र मागे नाही. दुकानात जाऊन कोरे कागद विकत आणले. हे म्हणाले, “काय, आजारी आहेस की काय?”

तुमचं कार्ड काल मिळालं. चारच ओळी. “घरांची वर्णनं पुरे. तळं कसलं आहे ते जाणून मला काय त्यात पोहायचंय? खोली आहे की नाही? नाही असेल तरी नाही लिही, मी काही तुझ्या दारात उभी नाही.” वाचून हसले आणि मग पदर डोळ्यांना लावला. तुम्ही सतराव्या वर्षी आमच्या घरात आलात, तेव्हा मी आठ वर्षांची होते, माझी वेणी पहिल्या दिवशी तुम्ही घातलीत ती अशीच बोलत बोलत. “डोकं हलवू नकोस, मी काही तुझी सासू नाही.”

खोली आहे.

आता पुढचं ऐका आणि मग ठरवा, त्यात यायचं का. आधी सांगते, म्हणजे माझ्यासाठी यायची सक्ती नाही.

शुक्रवारी मी एकटी त्या द्राक्षवाल्या बाईंकडे परत गेले. ह्यांना सांगितलं भाजी आणायला जाते. बाई मागे द्राक्षं तोडत होत्या. मी न विचारता खालच्या खोलीत जाऊन उभी राहिले. पलंग कुठे, तुमची ट्रंक कुठे, काठी टेकवायला कोपरा कुठला, मनात मांडत होते. बाई मागून आल्या, हातात कात्री. म्हणाल्या, “बाई, तुमचे यजमान सांगत होते, तुम्ही बारा घरं पाहिलीत. स्वतःसाठी कुणी एवढं बघत नाही. कोण येणार आहे?”

मी म्हटलं, “माझ्या वहिनी.”

हे तोंडातून जोरात निघालं. आणि दारात हे उभे. भाजीची पिशवी घरीच विसरले होते मी, ती घेऊन हे मागे आले होते. ह्यांना मी तुमचं पत्र दाखवलंच नव्हतं. हे म्हणाले, “वहिनी येणार आहेत? मग उंबरठे... अगं, मग सांगायचं नाही का! त्यांना लिहिलंस?” मी म्हटलं, लिहिते. “महिना झाला पत्र येऊन आणि अजून लिहितेच आहेस?” ह्यांना कधी नव्हे तो राग आला. “त्यांनी आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलंय का आजवर?”

मागितलं होतं, वहिनी. एकदाच. त्याबद्दलच हे पत्र आहे.

त्या दिवशी तुम्ही दाढ काढायला निघाला होतात. दादाचं पिणं तेव्हा हाताबाहेर गेलं होतं. मी चार दिवस माहेरी आले होते. निघताना तुम्ही साखळी सगळ्या सायकलींच्या चाकांतून ओवलीत, कुलूप घातलंत आणि किल्ली माझ्या मुठीत दिलीत. म्हणालात, “आज ह्यांना सायकल द्यायची नाही. पाया पडले तरी नाही. एवढं माझं ऐक.” मी हो म्हटलं.

मी तुम्हाला सांगितलं की मी देवळात गेले होते, किल्ली खुंटीला होती आणि त्याने ती काढून घेतली.

मी देवळात नव्हते. मी गल्ल्यावर बसले होते. किल्ली माझ्या कमरेला होती.

तो तीनच्या सुमाराला आला. फार घेतलेली नव्हती, पण घेतलेली होती. बाकावर मास्तर आणि शिंपी बसले होते, मी ठाण मांडून. दादा म्हणाला, “मुनीम, एक सायकल दे. तासाची.”

मी म्हटलं, “घरात जा. जेवून नीज.”

“मी गिऱ्हाईक आहे. माझ्या दुकानात मलाच सायकल नाही?”

शिंपी हसला. मास्तर दुसरीकडे बघायला लागले. ते मला जास्त झोंबलं. मला लाज वाटली, वहिनी, माझ्या भावाची लाज वाटली, चारचौघांत. दया येऊन किल्ली काढली असती, तर हे पत्र मी सोळा वर्षांपूर्वीच लिहिलं असतं. मी दया येऊन नाही काढली. डोळ्यांसमोरून एकदाचा जाऊ दे म्हणून काढली.

साखळी सोडली. त्याने सात नंबर घेतली, तीच त्याला आवडायची. मग काउंटरवर आला आणि म्हणाला, “लिही. फुकट नको. गिऱ्हाइकाचं नाव लिही.” मी रजिस्टर ओढलं. नंबर सात. दादा. गेला ३-२०. त्याने वाकून पाहिलं. म्हणाला, “अक्षर बिघडलं गं तुझं, मुनीम. लग्न झाल्यापासून.” आणि हसला. त्याचं ते हसणं तुम्हाला माहीत आहे, एका गालातलं. “तासाभरात येतो.”

मी म्हटलं, “नाही आलास तरी चालेल.”

तो सायकलवर बसला. नेहमीसारखी घंटी दोनदा वाजवली आणि गेला.

पाच वाजता तुम्ही आलात, गालाला रुमाल धरून. तोंडात कापूस, बोलता येत नव्हतं. साखळी खाली पडलेली बघितलीत आणि हातानेच विचारलंत, किल्ली? आणि माझ्या तोंडातून देऊळ निघालं. मी ठरवलं नव्हतं. आपोआप निघालं, जसं मी रोज तेच सांगत आले आहे. तुम्हाला बोलता येत असतं तर तुम्ही कुठल्या देवळात, किती वाजता, सगळं विचारलं असतंत. सहा वाजता माणसं आली सांगायला, पुलाच्या उतारावर कठडा नसलेल्या वळणाशी... मग कुणी काही विचारलंच नाही. उलट लोक म्हणाले, बिचारी देवळात होती. मास्तर काही बोलले नाहीत. शिंपी पुढच्या वर्षी गाव सोडून गेला. मी तेवढ्यासाठी देवाचे आभार मानले. असे आभार मानायची पाळी आली माझ्यावर.

तिसऱ्या दिवशी मी रजिस्टरमधून ते पान काढलं. पान त्रेसष्ट. उंदीर नव्हते, वहिनी. फाडायचं होतं, फाडता आलं नाही, म्हणून पट्टी लावून कापलं. सोळा वर्षं ते माझ्या पोथीत चौथ्या अध्यायात आहे. रोज देवापुढे बसते आणि तिथे आले की पानं उलटते. लोकांना वाटतं माझं वाचन फार लवकर होतं.

म्हणून मी बारा घरांत खोडी काढल्या. तुमच्यासाठी चांगली खोली शोधत होते आणि ती सापडू नये असंही वाटत होतं. सकाळ-संध्याकाळ तुमच्यासमोर बसायचं, तुम्ही माझ्या हातचा चहा प्यायचा आणि म्हणायचं, पुण्याई. ते मला झालं नसतं.

ह्यांना काल सगळं सांगितलं. हे खूप वेळ सायकलची चेन पुसत बसले, स्वच्छ होती तरी. मग म्हणाले, “पत्रात हे आधी लिही. घराचं नंतर.” मी म्हटलं, “नाही आल्या तर?” म्हणाले, “नाही आल्या तर नाही आल्या. पण आल्या तर सगळं माहीत होऊन येऊ देत.”

ते घर आम्ही घेतोय. शनिवारी बाईंना शब्द दिला. तुम्ही आलात तरी, नाही आलात तरी. पिंपं ह्या आठवड्यात जातील. वास आहे अजून, राहील थोडे दिवस. तुमच्यापासून तेही लपवत नाही, खाली दारूचं तळघर होतं आणि वर तुमचा पलंग असेल. देव मी तुमच्या खोलीत मांडणार नाही, माझ्या खोलीत मांडीन. ते माझ्याच पापाला पुरे आहेत.

पान सोबत ठेवलं आहे. वही तुमच्याकडे आहे. चिकटवा, नाहीतर जाळा, नाहीतर मास्तरांना नेऊन दाखवा, अजून असतील तर. परतीच्या रकान्यात मी काही लिहिलेलं नाही. सोळा वर्षांत एकदा लिहिणार होते, पेन उघडलं होतं. सुचलं नाही.

द्राक्षवाल्या बाईंची एक जुनी बायकांची सायकल शेडमध्ये होती, पुढे टोपली. घराबरोबर तीही देणार म्हणाल्या. त्या दिवसापासून मी सायकलला हात लावला नव्हता, तुम्हाला माहीत आहे, तुम्ही म्हणायचात टाच दुखते म्हणून. ह्यांनी हवा भरली, तेल घातलं. आज मी ती अंगणात चालवली. पहिल्यांदा वेलीत गेले. दुसऱ्यांदा रस्त्यावर गेले. बाई कात्री हातात धरून ओरडत होत्या, “पुढे बघा, हाताकडे काय बघता!” दादा हेच सांगायचा.

टपालपेटी तळ्याकाठच्या पुढच्या वळणावर आहे, दोन किलोमीटर. पत्र टोपलीत ठेवून मीच टाकायला जाते आहे. हे बरोबर येतो म्हणाले, मी नको म्हटलं. वहीत लिहून ठेवलं आहे. बायकांची सायकल. मी. गेले ११-१५. परतीची वेळ ह्यांना लिहायला सांगितली आहे.

तुमच्या खोलीच्या दारामागे एक वही आणि पेन्सिल टांगून ठेवीन. येणार असाल तर तुमची ओळ तुम्ही लिहा. नाही आलात तर ती वही कोरी राहील, आणि त्यात दुसरं काही मी लिहिणार नाही.

“नाही आलात तरी चालेल” असं मी आयुष्यात परत कुणाला म्हणणार नाही. तुम्हाला तर नाहीच.

वाट बघते.

मुनीम